दिवा लागलाय, रंग तुम्ही सांगा

अंड्याच्या केकचं किंवा चिकन नूडल्सचं पाकीट अलीकडे हातात घेतलं असेल, तर त्यावरचा एक बदल तुमच्या नजरेतून बहुधा सुटला असेल. मांसाहाराची खूण म्हणून पूर्वी तपकिरी चौकोनात तपकिरी ठिपका असायचा. आता ठिपक्याच्या जागी त्रिकोण असतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनी तो आणला. तुम्हाला त्याची गरज नव्हती, म्हणून तो तुम्हाला दिसला नाही. मला मात्र पहिल्याच दिवशी दिसला. त्याआधी जवळजवळ वीस वर्षं मी हिरवा ठिपका कोणता आणि तपकिरी कोणता हे दुकानदाराला विचारत आलो होतो. श्रावणात सासुरवाडीला न्यायच्या बिस्किटांच्या बाबतीत तर ही चौकशी जरा जास्तच कसोशीने व्हायची.

मी रंगांध आहे. हा शब्द फसवा आहे. तो ऐकला की समोरचा माणूस लगेच स्वतःच्या शर्टाची बाही धरून विचारतो, "हा कुठला रंग, सांग बरं?" मला जग काळंपांढरं दिसत नाही. आकाश निळं दिसतं, हळद पिवळी दिसते. घोळ होतो तो लाल, नारिंगी, तपकिरी, पोपटी, हिरवा या टापूत. डोळ्याच्या पडद्यावर रंग टिपणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांतल्या एका प्रकारची वर्णपटावरची जागा घसरली किंवा तो प्रकारच नसला, की या टापूतले रंग एकमेकांत मिसळतात. त्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात आणि मुलाला एक्स मिळतं ते आईकडून. म्हणजे हा सगळा आजोळचा वारसा. माझ्या मामाला होतं, मला आहे आणि आता माझ्या बहिणीच्या मुलालाही आहे. मामाने भाच्याला काय काय द्यावं याची जी यादी आपल्याकडे असते, तीत हे धरलेलं नव्हतं.

युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण १२ पुरुषांमागे एक आणि २०० स्त्रियांमागे एक असं हे प्रमाण मानतात. आपल्याकडे समाजागणिक ते बदलतं आणि बरेचदा कमी भरतं. हिशेबापुरते फक्त ३ टक्के धरू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ५ कोटी ८२ लाख पुरुष होते, त्यांचे ३ टक्के म्हणजे साडेसतरा लाखांच्या आसपास माणसं. एवढ्या लोकांना एखादी वस्तू वापरताना अडखळायला होत असेल, तर दोष डोळ्यांना द्यायचा की वस्तूला, हा माझा प्रश्न आहे.

माझं उत्तर त्या त्रिकोणात आहे. प्राधिकरणाने मला चष्मा लावायला सांगितलं नाही. पाकिटाच्या मागे 'रंगांध ग्राहकांसाठी' अशी वेगळी चौकट छापली नाही, की ॲप उतरवायला लावलं नाही. आकार बदलला, सगळ्यांसाठी एकदम आणि त्याच जागी. रंग राहिला आणि त्याच्या जोडीला दुसरी खूण आली. जिथे एखादी गोष्ट रंगाने सांगायची असेल तिथे ती आणखी एका मार्गाने सांगितली पाहिजे, आणि तो मार्ग मूळ वस्तूतच असला पाहिजे, मागून चिकटवलेला नको. मला एवढंच म्हणायचं आहे. हे इतकं साधं असूनही आपण रोज हाताळतो त्या यंत्रांमध्ये आणि खेळांमध्ये ते होत नाही.

चार्जरचा दिवा घ्या. पॉवर बँक, दाढीचं यंत्र, बॅटरीचा टॉर्च, मुलांची गाडी, सगळीकडे एकच इवलासा दिवा असतो. चार्ज होताना लाल, भरलं की हिरवा. हा हिरवा प्रत्यक्षात पोपटी असतो. लाल आणि पोपटी या दोन्ही लहरी वर्णपटाच्या अशा भागात येतात जिथे निळ्याकडच्या शंकुपेशी जवळपास कामच करत नाहीत. उरलेल्या दोन प्रकारांतला एक बिघडलेला असेल, तर डोळ्याकडे तुलना करायला काही उरत नाही. फार तर एक दिवा जरा उजळ आणि दुसरा जरा मंद वाटेल, पण उजळ कोणता होता हे लक्षात ठेवायला दोन्ही शेजारी शेजारी हवेत. इथे तर एकाच जागी एका वेळी एकच लागतो.

अशी जोडी का पडली, यालाही इतिहास आहे. कित्येक वर्षं एलईडी मिळायचे ते लाल, पिवळे आणि पोपटी. भरपूर उजेड देणारा निळा एलईडी आला १९९० च्या दशकात, आणि त्याच्या जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याआधी लाल-हिरव्याशिवाय फारसा पर्याय नव्हता हे मान्य. एकाच बोंडात लाल आणि हिरवा असे दोन कण उलटसुलट बसवलेला दोन पायांचा दिवा स्वस्त पडायचा. प्रवाह एका बाजूने गेला की लाल, दुसऱ्या बाजूने गेला की हिरवा. युक्ती छान होती, पण तिची सवय लागली आणि सवयीला लोक नियम समजू लागले.

पुण्याच्या तपकीर गल्लीत मी गेली कित्येक वर्षं सुटे भाग घ्यायला जातो. तपकिरी रंग मला ओळखता येत नाही, पण ती गल्ली डोळे मिटून फिरू शकतो. तिथे लिथियम बॅटरी चार्ज करायची बोटाएवढी पट्टी मिळते. तिच्यावर बरेचदा दोन वेगळे दिवे असतात, एक लाल आणि एक निळा. जागा वेगळी, रंगही दूरचे. ती पट्टी काही रुपयांत मिळते. तीच पट्टी पेटीत बसवताना दोन भोकं पाडायची टाळून कोणीतरी एकच भोक पाडतं आणि त्यात दुरंगी दिवा घालतं. एकच दिवा ठेवायचा असेल तर त्याहून फुकटचा उपाय आहे. चार्ज होताना दिवा लुकलुकू द्या, भरल्यावर स्थिर राहू द्या. आत नियंत्रक चिप असेल तर प्रोग्रॅमच्या चार-दोन ओळींचं काम.

एकदा घरचं इंटरनेट बंद पडलं. फोनवरच्या मुलाने विचारलं, "सर, राउटरवरचा दिवा लाल लागलाय की हिरवा?" मी म्हटलं, "दिवा लागलाय. रंग तुम्ही सांगा." त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग मी समजावून सांगितलं. तो थोडा थांबला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, "घरात दुसरं कोणी मोठं आहे का?" त्याच्यावर मी रागावलो नाही. त्याच्यापुढच्या कागदावर जे लिहिलं होतं तेच त्याने वाचलं. पण त्या कागदावर 'तिसरा दिवा लुकलुकतोय का' असा प्रश्न असता, तर पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला घरातल्या मोठ्या माणसाला हाक मारावी लागली नसती.

खेळांची गोष्ट जास्त गमतीची आहे, कारण आपल्या जुन्या खेळांनी हा प्रश्न आधीच सोडवला होता. पत्त्यांत आपण बदाम, चौकट, किलवर, इस्पिक यांना 'रंग' म्हणतो. रंग मात्र दोनच असतात, लाल आणि काळा. बदाम आणि चौकट दोन्ही लाल, तरी आजवर कोणी बदामावर चौकट टाकून 'चुकून झालं' म्हणालेलं नाही. म्हणजे पानाचा 'रंग' आपण आकारावरून ओळखतो. सावंतवाडीची गंजिफा त्याच्याही पुढची. दशावतारी संचात १२० गोल पानं, दहा अवतार, प्रत्येकाची १२ पानं. दर अवताराच्या पानांची जमीन वेगळ्या रंगाची असते आणि वर चित्रही वेगळं. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. दहा रंग नुसत्या रंगावर ओळखायचे म्हटलं तर चांगल्या डोळ्याचा माणूससुद्धा दिव्याच्या उजेडात गोंधळेल. चितारी लोकांना हे ठाऊक असणार. त्यांनी ते रंगांधांसाठी केलं असं मी म्हणत नाही. खेळ नीट चालावा म्हणून केलं, आणि माझ्यासारख्याचं त्यात आपोआप भागलं.

लुडो मात्र फसतो. सोंगट्या घरात असताना कोपरा सांगतो की या कोणाच्या. वाटेला लागल्या की उरतो फक्त रंग. हिरवी आणि पिवळी सोंगटी पिवळ्या बल्बखाली समोरासमोर आल्या की माझा भाचा आधी माझ्याकडे बघतो. मी त्याच्याकडे बघतो. मग आम्ही दोघं त्याच्या आईकडे बघतो. फोनवरच्या लुडोत सोंगट्या आणखी चकचकीत झाल्या आहेत, पण आकार चौघींचा तोच. कागदाच्या पटावर सोंगटीला वेगळा आकार द्यायचा तर साचा बदलावा लागेल हे मी समजू शकतो. पडद्यावरच्या सोंगटीला साचा नसतो. तिच्या डोक्यावर चांदणी, चंद्र, पान, फूल काढायला एका चित्रकाराची एक दुपार पुरेल. कॅरममध्येही ज्यांना लालाची जाणीव अजिबात नसते, त्यांना राणी काळपट दिसते आणि ती काळ्या सोंगट्यांत हरवते. तिथे निदान ती मध्यभागी मांडतात, म्हणून फुटेपर्यंत तरी सापडते.

हे जमतं, याची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. कँडी क्रशमध्ये प्रत्येक रंगाच्या गोळीचा आकार निराळा आहे. लाल ती घेवड्याच्या दाण्यासारखी, हिरवी चौकोनी, पिवळी थेंबासारखी. लोकलमध्ये उभ्याने ती खेळणाऱ्या लाखो बायकांना आणि पुरुषांना हे कोणासाठी केलं असेल अशी शंकाही कधी आली नसेल. मिगेल नेव्हा या पोर्तुगीज आरेखकाने रंगांसाठी साध्या चिन्हांची एक लिपी तयार केली, कलरॲड नावाची. २०१७ मध्ये मॅटेल कंपनीने ती चिन्हं छापून उनो या रंगीत पत्त्यांच्या खेळाचा वेगळा संच काढला. मला तो आवडला आणि त्याचा थोडा रागही आला. 'वेगळा संच' कशाला? चिन्हं नेहमीच्याच संचावर छापली असती तर कोणाचं काय बिघडलं असतं? भाच्याच्या मित्राच्या घरी असतो तो नेहमीचा संच. भाचा स्वतःचा संच काखोटीला मारून खेळायला जाणार का?

'कलरब्लाइंड मोड' या प्रकाराबद्दल माझा आक्षेपही हाच आहे. हल्ली पुष्कळ खेळांच्या सेटिंगमध्ये तो असतो, आणि नसण्यापेक्षा असलेला बरा. पण तो वापरायला आधी आपल्याला हे आहे, हे माहीत हवं. माझ्या भाच्याला सहाव्या वर्षी ते माहीत नव्हतं. तो फक्त सारखा हरत होता आणि घरचे म्हणत होते, धांदरट आहे. पुढे त्या मोडच्या यादीत प्रोटानोपिया, ड्यूटेरानोपिया, ट्रायटानोपिया अशी नावं येतात. डॉक्टरांनीही ज्याला 'थोडं रंगांधत्व आहे' एवढंच सांगितलं, त्याने यांतलं निवडायचं काय? त्यातून बरेचसे मोड म्हणजे अख्ख्या पडद्यावर चढवलेली रंगीत काच. त्यात लाल-हिरवा सुटा होतो, पण चेहरे जांभळे पडतात आणि पूर्वी नीट दिसणारे दोन रंग एकमेकांजवळ येतात. व्हॅलोरंट या गोळीबाराच्या खेळाने जरा शहाणपण दाखवलं. तिथे शत्रूभोवतीची लाल रेघ तेवढी पिवळी किंवा जांभळी करता येते, बाकीचं जग जसंच्या तसं राहतं. रंग उत्तम दिसणारे कितीतरी खेळाडू पिवळी रेघच निवडतात, कारण ती ठळक दिसते. 'अमंग अस' हा यानातला खोटा गडी ओळखायचा खेळ टाळेबंदीत घरोघरी पोहोचला. त्यात वायरी जोडायचं एक काम होतं, नुसत्या रंगावरून. २०२० संपता संपता त्या वायरींवर चिन्हं आली. चिन्हं येण्याआधी भाचा ते काम टाळायचा, आणि काम टाळतो म्हणून बाकीची मुलं त्यालाच खोटा ठरवून यानाबाहेर फेकायची. खेळातला न्याय म्हणून हे बरोबरच होतं म्हणा.

रंगाने सांगितलेलं कळलं नाही की माणूसच बाद करायचा, ही रीत मात्र खेळाबाहेरची आणि जुनी आहे. १८७५ मध्ये स्वीडनमध्ये लागरलुंडा इथे रेल्वेचा अपघात झाला. होल्मग्रेन या शरीरशास्त्रज्ञाने त्यामागे रंगांधत्व असावं असं मांडलं आणि रंगीत लोकरीच्या लडींवर रेल्वे कर्मचाऱ्यांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. पुढे जगभर अशा चाचण्या आल्या. रेल्वेत, विमानात त्या लागतात याबद्दल माझी तक्रार नाही, शेकडो जीव मागे असतात. मला लक्षात राहतं ते वेगळंच. त्या काळातला दिवसाचा सिग्नल म्हणजे खांबावरचा हात, तो आडवा की पडलेला हे कोणालाही कळायचं. रात्री त्याच खांबावर फक्त रंगीत दिवा उरायचा. दिवा बदलण्यापेक्षा माणूस काढणं सोपं, हा धडा तिथे घेतला गेला आणि तो नको तिथेही गिरवला गेला.

पुण्यातच बघा. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी पाटण्याच्या एका तरुणाची २०१५ मध्ये निवड होत आली होती. वैद्यकीय तपासणीत रंगांधत्व निघालं आणि त्याला नाकारलं. मुंबई उच्च न्यायालयात त्याला दाद मिळाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेत्रतज्ज्ञ आणि चित्रपटातली जाणती मंडळी यांची समिती नेमली, आणि १२ एप्रिल २०२२ ला निकाल दिला की रंगांध विद्यार्थ्यांना संस्थेने सगळ्या अभ्यासक्रमांना प्रवेश द्यावा. चित्रपट ही अनेकांनी मिळून करायची कला आहे, एकाला जे दिसत नाही ते दुसरा सांगू शकतो, असा त्यामागचा विचार होता. याआधी २०२० च्या जूनमध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल करून सौम्य आणि मध्यम रंगांधांना वाहन परवान्याची वाट मोकळी केली. सिग्नलला लाल वर आणि हिरवा खाली, एवढं आम्हाला पाठ असतं. शिवाय सिग्नलचा हिरवा थोडा निळसर ठेवतात, तो आम्हाला चार्जरच्या पोपटीपेक्षा कितीतरी स्पष्ट दिसतो.

या निकालाचा आणि चार्जरच्या दिव्याचा संबंध आहे. आरेखन, चित्रपट, प्रयोगशाळा अशा खोल्यांच्या दारातच आम्हाला अडवलं, तर आत बसून 'हे मला दिसत नाही' असं म्हणायला कोणी उरत नाही. मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी शास्त्रज्ञांनी सर्वांना वेगळे ओळखता येतील असे आठ रंग निवडून दिले. आज जगभरचे संशोधक आलेख काढताना ते वापरतात. ते दोघंही स्वतः रंगांध आहेत.

सरकारला हे जमत नाही असंही नाही. ईव्हीएमवर बाकीचे वाद कितीही असोत, पण बटण दाबलं की त्या उमेदवारासमोरच दिवा लागतो आणि लांब शिटी वाजते. लाल म्हणून नव्हे, तिथे लागला म्हणून कळतं. निवडणूक चिन्हंही काळ्या रेघांची, ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी पहिल्या निवडणुकीपासून आलेली. मग पावसाळ्यात जिल्हानिहाय इशाऱ्यांचा नकाशा हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असाच का? बातमीत 'रायगडला रेड अलर्ट' असं शब्दांत येतं तेव्हा अडचण नसते. पण व्हॉट्सॲपवर नुसता नकाशा येतो, तळाला चार रंगांचे चौकोन, आणि रायगड त्यांपैकी कुठल्या चौकोनात बसतं हे मला कळत नाही. जिल्ह्यावर १, २, ३, ४ असा आकडा छापला तरी पुरे. टाळेबंदीतले लाल, नारिंगी, हिरवे विभागही असेच होते.

कायद्यात आमची जागा विचित्र आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत रंगांधत्व नाही. ते यावं असा माझा आग्रहही नाही. मला आरक्षण नको, प्रमाणपत्र नको. पण नोकरीला नाकारताना आम्ही पुरेसे अधू आणि वस्तू बनवताना पुरेसे धडधाकट, हे दोन्ही एकदम कसं चालेल? वेबसाइटसाठीच्या जागतिक निकषांत 'केवळ रंगावर विसंबू नका' हे १९९९ पासून लिहिलेलं आहे. डिजिटल वस्तू आणि सेवा सर्वांना वापरता याव्यात म्हणून भारतीय मानक ब्यूरोचं आयएस १७८०२ हे मानकही आहे. सरकारने स्वतःच्या खरेदीपासून सुरुवात करावी. शाळांना टॅब, दवाखान्यांना यंत्रं, कार्यालयांना यूपीएस घेताना निविदेत एक अट घालावी, की या वस्तूच्या पडद्याची आणि दिव्यांची खूण रंगाशिवायही कळली पाहिजे. तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. पडद्याचा फोटो काढून त्याची काळीपांढरी झेरॉक्स मारायची. झेरॉक्सवर कळलं तर पास.

यावर एक आक्षेप मला खरा वाटतो. काही खेळांत रंग हाच खेळ असतो. छटा जुळवणं हेच कोडं असेल तर तिथे चिन्ह छापणं म्हणजे उत्तर छापणं. असे खेळ जरूर असावेत, मी ते खेळणार नाही, जसा तबला ऐकतो पण वाजवत नाही. पण शंभरातल्या नव्वद खेळांत रंग हे कोडं नसतं, नुसतं लेबल असतं, आणि लेबल दुसऱ्या पद्धतीने लावता येतं. चिन्हांनी सौंदर्य बिघडतं म्हणणाऱ्यांनी एकदा सावंतवाडीला जाऊन गंजिफा बघून यावी.

राहिला खर्चाचा मुद्दा. गेल्या दिवाळीत भाच्याला रिमोटवरची एक गाडी घेतली, अडीचशे रुपयांची, तपकीर गल्लीतूनच. रात्री ती चार्जिंगला लावली तर दिवा लुकलुकायला लागला. बिघडलेली आली असं समजून मी सकाळी परत करायच्या तयारीने पिशवी काढली. भाचा म्हणाला, "मामा, थांब, ती भरली की थांबते." दोन तासांनी दिवा स्थिर झाला. एवढी अक्कल कोणी वापरली ते बघावं म्हणून खोकं उलटसुलट करून पाहिलं. त्यावर कंपनीचं नावच नव्हतं.